मे अखेरीस आईबाबांना घेऊन युरोप, बॅगेत नक्की काय भरू?

कर्वेनगरची_रेणू

नमस्कार मंडळी. मे च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघतोय, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा ७२, आई ६८, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. मुंबई-दुबई-झुरिक, मग इंटरलाकेन, तिथून ट्रेनने मिलानवरून फ्लॉरेन्स, रोम, रोमहून छोट्या विमानाने पॅरिस आणि परत दुबईमार्गे घरी. टूर कंपनी नाहीये, सगळं आम्हीच बुक केलंय, त्यामुळे सामान बघायला टूर मॅनेजर वगैरे कोणी नाही. व्हिसा, हॉटेलं, तिकिटं झाली, आता फक्त पॅकिंग राहिलंय आणि त्यावरूनच घरात महाभारत चालू आहे.

आईने आत्तापासूनच डाळ-तांदूळ, छोटा कुकर, घरच्या तुपाची बरणी, लोणचं असं एका कोपऱ्यात मांडून ठेवलंय. शिवाय माझा आत्येभाऊ झुरिकला असतो, त्याच्यासाठी डझनभर हापूस न्यायचाच म्हणते, सीझन आहे तर रिकाम्या हाताने कसं जायचं. नवरा म्हणतो काही नेऊ नका तिथे सगळं मिळतं. बाबांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात, बीपीची गोळी पण चालू आहे. आई साडीच नेसते, ड्रेस घालणार नाही म्हणजे नाही, तो विषय बंद आहे. आणि इथे पुण्यात ४० डिग्रीत घामाच्या धारा लागलेल्या असताना थर्मल विकत घ्यायचं म्हणजे काहीतरीच वाटतंय, खरंच लागतात का हो? प्लगचं पण सांगा, युनिव्हर्सल अडॅप्टर घ्यावा लागेल का. तिकिटावर प्रत्येकी ३० किलो आहे त्यामुळे वजनाची काळजी नाही. जाऊन आलेल्यांनी आणि तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

आल्प्समधला_पाटील

रेणूताई, मी झुरिकच्या जवळच राहतो, त्यामुळे आधी आंब्याचं सांगतो. हापूस आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून ताजी फळं भाज्या आणायच्या तर पिकावर कीड नाही असं सरकारी सर्टिफिकेट लागतं, स्वित्झर्लंडलाही तेच लागू आहे. सूट फक्त अननस, केळं, नारळ, ड्युरियन आणि खजूर या पाचांना. फळमाशी सापडली म्हणून २०१४ ला युरोपने भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती, २०१५ ला परत उघडली, त्यामुळे आंबा म्हटलं की हे लोक जरा जास्तच जागे असतात. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्या पण याच नियमात येतात बरं का, आयांच्या पर्समध्ये हमखास सापडतात. भावाला इथल्या भारतीय दुकानात हापूस मिळतो, महाग मिळतो पण मिळतो. त्याच्यासाठी आंबापोळी आणा, ती वाळवलेली असते, आणि ती मात्र इथे कुठेच मिळत नाही, त्यामुळे तो जास्त खूश होईल.

दुसरं तूप. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरच्या देशातून सामानात आणायला बंदी आहे, मग ते घरचं असो की दुकानातलं सीलबंद असो. तूप, पेढे, बर्फी, चक्का, पनीर सगळं त्यात आलं. आंबावडीत खवा किंवा दूध असेल तर तीही. दरवेळी बॅग उघडतातच असं नाही, पण उघडली तर बरणी जाते वर दंड, आणि मोठ्या माणसांना घेऊन पहिल्याच दिवशी कस्टमवाल्यासमोर उभं राहायचं कशाला. तुपाच्या जागी इथलं लोणी मस्त असतं, गरम भातावर घ्या, काकू तक्रार करणार नाहीत.

थर्मल, हो, लागतात. पण रोज नाही. इंटरलाकेन गावात मे अखेरीस दिवसा स्वेटरवर भागतं, कधी ऊन पडलं तर तेही नको. पण तुम्ही युंगफ्राउयोखला जाणार असणार, ती बर्फाच्या डोंगरावरची जागा ३४५४ मीटरवर आहे आणि भर उन्हाळ्यातही तिथे शून्याच्या आसपास असतं, वर वारा. एकेक थर्मल जोडी, हातमोजे, कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट एवढं प्रत्येकाला पाहिजे. गॉगल विसरू नका, बर्फावरून ऊन परत डोळ्यात येतं, पाच मिनिटांत पाणी यायला लागतं. सनस्क्रीन पण. आणि वर गेल्यावर काकाकाकूंना हळू चालायला सांगा, हवा विरळ असते, बीपी असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

प्लगचं सोपं आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर बिन्सफॉर्मर काही नको. मोबाईलचा आपला दोन बारीक गोल पिनांचा चार्जर इथे, इटलीत, पॅरिसला तिन्हीकडे बसतो. अडतं ते तीन पिनांच्या लॅपटॉपवाल्याचं. इथलं सॉकेट षटकोनी खोबणीत आत बसवलेलं असतं, मग ते ढब्बू युनिव्हर्सल अडॅप्टर आत जातच नाहीत, वरवर बसतात आणि निसटतात. बरेच चार्जर असतील तर एकच छोटी चार यूएसबीवाली पट्टी घ्या जिला दोन पिनांचा प्लग आहे, सगळ्यांचे फोन एका जागी चार्ज होतात.

पाण्याच्या बाटल्या रिकाम्या आणा, नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, रस्त्यावरच्या कारंज्यांचंही, जिथे पिऊ नका अशी पाटी नसेल तिथे. रोममध्येही कोपऱ्याकोपऱ्यावर नळ आहेत.

फोडणीवाली

अगं रेणू, नवऱ्याचं ऐकू नकोस आणि आईचंही पूर्ण ऐकू नकोस 😄 तिथे सगळं मिळतं हे खरं पण संध्याकाळी साडेसातला चालून चालून पाय गेलेले असताना बाबांना शुगरमुळे लगेच खायला पाहिजे तेव्हा "सगळं मिळतं" हे कामाला येत नाही, हातातला डबा येतो. आणि रविवारी स्वित्झर्लंडमधली दुकानं बहुतेक बंद, स्टेशनवरची तेवढी चालू.

कुकर नको. तुम्ही इंटरलाकेनला किचनवाली खोली घेतली असेल तर भांडी तिथे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी इंडक्शन असतं ज्यावर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. भात काय, पातेल्यात शिजतो. आणि साध्या हॉटेलच्या खोलीत तर शिजवूच नका, मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, मग सगळं हॉटेल पायजम्यात रस्त्यावर. त्यापेक्षा छोटी इलेक्ट्रिक किटली ने, युरोपात खोलीत किटली असेलच असं नाही.

किटलीवर काय होतं सांगते. उपम्याचा रवा कोरडा खमंग भाजायचा, वेगळ्या कढईत तेलाची फोडणी, तूप नाही, मोहरी हिंग मिरच्या कढीपत्ता उडदाची डाळ, मिरची आणि कढीपत्ता अगदी कडकडीत होईस्तोवर तळायचा, ओलसर राहिला की चौथ्या दिवशी वास येतो. मग त्यात रवा, मीठ, चिमूट साखर आणि लिंबाऐवजी लिंबूसत्व. पूर्ण गार झालं की एकेका माणसाच्या पुड्या करायच्या. तिथे वाटीत एक पुडी, वरून उकळतं पाणी, झाकण ठेवून आठदहा मिनिटं, झाला उपमा. पोह्याचंही तसंच, पातळ पोहे भाजून. बाबांसाठी पुडीत थोडे भाजलेले शेंगदाणे जास्त घाल.

बाकी मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग, खाकरे, तिखटमिठाच्या पुऱ्या. दशम्या नको, त्या दुधात भिजवतो ना आपण, पाटील म्हणतात त्या नियमात कशाला अडका. लोणचं न्यायचं तर आंब्याचं तेलकट नको, कोरडं लिंबाचं ने, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून दोन पिशव्या, आणि चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये लोणचं चटणी सगळं लिक्विडमध्ये धरतात, १०० मिलीच्या वर असलं की गेलं. हिंगाची डबी वेगळ्या डब्यात ठेव नाहीतर आईच्या सगळ्या साड्यांना वास.

आणि हे महत्त्वाचं, खसखस अजिबात नको. अनारसे, लाडू, मसाला कशातही नको. आखाती देशांत ती अमली पदार्थात मोडते, लोक तुरुंगात गेलेत त्यावरून. तुमचं दुबईला नुसतं विमान बदलायचं असलं तरी विषाची परीक्षा कशाला. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही नको, त्यात तेल असतं म्हणून विमानात चालत नाहीत.

कर्वेनगरची_रेणू

बाप रे, खसखशीचं माहीतच नव्हतं, आईच्या गरम मसाल्यात असते. तो डबा कॅन्सल. आंबापोळीची आयडिया आईला पटली, तुपाची नाही पटली, अजून बोलणी चालू आहेत. औषधांचं कोणी सांगेल का?

औषधी_काका

मी निवृत्त फार्मासिस्ट, कोल्हापूर. इन्सुलिन आणि रोजच्या सगळ्या गोळ्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये एकही नाही. बॅग हरवते हे एक कारण, आणि विमानाच्या पोटात थंडी असते, इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं, परत पातळ दिसलं तरी वापरायचं नाही. तसंच कूल पाऊचमध्ये बर्फाच्या पॅकला पेन थेट चिकटवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा. इन्सुलिन आणि सुयांना सिक्युरिटीत १०० मिलीचा नियम आड येत नाही, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवा आणि मागायच्या आत दाखवा.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, नुसतं ब्रँडचं नको. आपली ब्रँडची नावं तिकडच्या केमिस्टला काही सांगत नाहीत, आणि आपल्याकडे सहज मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या तिकडे चिठ्ठीशिवाय देत नाहीत. म्हणून लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या न्या, त्याच मूळ पाकिटात, डबीत सुट्ट्या काढून नको. अर्धं औषध बाबांच्या बॅगेत, अर्धं तुमच्या.

घरगुती म्हणून ताप, जुलाब, अॅसिडिटी, अॅलर्जी, उलटीची गोळी (डोंगरात बस वळणं घेते), ओआरएस, पट्ट्या, पाय दुखीचं मलम. पण कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर दुबईमार्गे जाताना त्यांचे नियम आधी बघा, तिथे या औषधांवर नियंत्रण आहे. घरातला जुना औषधाचा डबा उचलून तसाच बॅगेत टाकू नका, एकेक पट्टी बघून घ्या.

वेळेचं, उन्हाळ्यात तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, जायच्या दिवशी दिवस लांबतो. इन्सुलिनचा डोस त्या दिवशी कधी घ्यायचा हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, फोनवर ऐकलेलं विसरतं. आणि झुरिकला उतरल्यावर आता बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झालीय, रांग लांब असू शकते (बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, तुमच्या लेकीचा फक्त फोटो). तेव्हा बाबांच्या खिशात बिस्किटाचा पुडा आणि चारपाच गोळ्या चॉकलेटच्या पाहिजेतच, खिशात, बॅगेत नव्हे.

व्हिसासाठी ३० हजार युरोचा इन्शुरन्स काढलाच असेल. त्यात आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते वाचा.

सहावारी_सिंड्रेला

साडीवर कोणीच बोललं नाही म्हणून मी. माझ्या सासूबाई पण साडीवाल्या, बर्फात साडी नेसून मिरवून आल्या, काही अडत नाही. परकराखाली थर्मलची पँट किंवा जाड लेगिंग, ब्लाऊजच्या जागी पूर्ण बाह्यांचं थर्मल वर पोलो नेक, त्यावर साडी, पदर खोचून वरून जाकीट. फक्त साडी रोजच्यापेक्षा दोन बोटं वर नेसवा, ओल्या रस्त्यावर काठ भिजला की तो दिवसभर पायाला लागतो. जॉर्जेट नाहीतर सिंथेटिकच न्या, रात्री धुवून टाकली की सकाळी वाळते आणि इस्त्री नको. कॉटनच्या साड्यांचा मोह नको, तिकडे कोण स्टार्च करून देणार. सेफ्टी पिनांचं एक अख्खं पाकीट. आणि बूट! चपला अजिबात नको, दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात, तेही दगडी फरशीवर. बूट आत्ताच घ्या आणि रोज संध्याकाळी कमला नेहरू पार्कात घालून फिरायला लावा, नवे बूट तिकडे पहिल्यांदा घातले की फोड आलाच समजा.

थर्मल तुळशीबागेत आत्ता शोधत बसू नका, कूलर आणि पंख्याचा सीझन आहे, डेकॅथलॉनमध्ये बारा महिने मिळतात. फ्लीस जाकीट एकच घ्या प्रत्येकी, फोटोत रोज तेच दिसेल, दिसू दे.

रोममध्ये मात्र उलटं. जूनमध्ये तिथे तिशीच्या घरात असतं, सुती कपडे, टोपी. आणि व्हॅटिकनला सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आईंना प्रश्नच नाही, प्रश्न तुझ्या नवऱ्याच्या हाफपँटचा आणि लेकीच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचा आहे. एक ओढणी पर्समध्ये ठेव. ती ओढणी पॅरिसला पण लागेल, जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हातारी माणसं झोपत नाहीत, डोळ्यांवर बांधायला.

दागिने घरी. साधं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र पुरे. पॅरिस आणि रोमच्या मेट्रोत पाकीटमार मुरलेले आहेत.

कमी_सामान_सुखी_समाधान

३० किलो आहे म्हणून काळजी नाही हे वाक्य वाचून काळजी वाटली. रोम-पॅरिसचं तिकीट वेगळं काढलंय ना? त्या छोट्या एअरलाइनवर किती किलो विकत घेतलंय ते बघा. १५ नाहीतर २० असेल, केबिनला फक्त सीटखाली जाईल तेवढी पिशवी. तुमची खरी लिमिट ती, दुबईवाली नाही. मधल्या सगळ्या प्रवासात सगळ्यात कंजूष तिकीट जे म्हणेल तेवढंच भरायचं. विमानतळावर जादा किलोचे पैसे भरलेत तर त्यात आईंना अजून एक जाकीट आलं असतं. हातात धरून लटकवायचा डिजिटल काटा मिळतो तो घ्या आणि सोबत न्या, येताना चॉकलेटं भरल्यावर परत लागतो.

दुसरं, ट्रेन. इंटरलाकेनहून मिलानला जाताना श्पित्झला गाडी बदलायला लागते, वेळ मोजका असतो, हमाल नसतात, डब्याला पायऱ्या असू शकतात. बाबा बॅग उचलणार नाहीत असं धरून चाला म्हणजे दोन माणसांनी पाच जणांचं सामान चढवायचं. तीन मध्यम बॅगा आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, बास. भरल्यावर त्या बॅगा घेऊन लिफ्ट न वापरता तुमच्याच बिल्डिंगचे दोन जिने चढून बघा, नवऱ्याला चढू द्या, मग काय काढायचं ते आपोआप ठरतं. चाकं मोठी आणि मजबूत पाहिजेत, रोमच्या त्या काळ्या दगडी रस्त्यांवर स्वस्तातली चाकं निखळतात. फारच जड झालं तर स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेच पैसे घेऊन एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर बॅग पोचवते, झुरिक-इंटरलाकेनला वापरता येईल.

कपडे पाच दिवसांचे. पावडरची पुडी आणि नायलॉनची दोरी. टॉवेल, साबणाच्या वड्या, हेअर ड्रायर, छत्र्या पाच असलं काही नको.

पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचवाली ७४ ला बसते, आकडा छापलेला असला पाहिजे, पुसट झाला असेल तर नवी घ्या. एमिरेट्सने जात असाल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच आणि विमानात ती वापरायची नाही, त्यामुळे बसायच्या आधी फोन भरून घ्या.

ई-सिम घेताना यादीत स्वित्झर्लंड आहे का ते बघा, ते युरोपियन युनियनमध्ये नाही, काही "युरोप" पॅक तिथे चालतच नाहीत.

कर्वेनगरची_रेणू

रोम-पॅरिस खरंच २० किलो निघालं आणि तेही फक्त तीन बॅगांना 🙈 नवरा आत्ता जिने चढतोय. कुकर बाहेर, तूप बाहेर (पाटील, तुमचं लोण्याचं वाक्य वाचून दाखवलं, आई म्हणाली बघू). आता एक लाजत विचारते, बाथरूमचं काय? आईबाबांना कागदाचं जमणार नाही.

फोडणीवाली

लाजायचं काय त्यात, सगळ्यांचा तोच प्रश्न. दाबली की धार येते अशी नळीवाली प्लास्टिकची बाटली ऑनलाईन मिळते, हॅन्डी जेट म्हणून, आईबाबांना एकेक, रोज बाहेर पडताना सॅकमध्ये. ती नसेल तर जुनी पाण्याची बाटली झाकणाला भोकं पाडून. इटलीत बहुतेक हॉटेलांत बिडे (कमोडशेजारी धुवायचं छोटं बेसिन) असतो, तिथे सुख आहे. स्टेशनवरच्या संडासाला पैसे पडतात, युरोची सुटी नाणी वेगळ्या पाकिटात, स्वित्झर्लंडला फ्रँक. पॅरिसला फुटपाथवरचे मात्र फुकट आहेत.

आल्प्समधला_पाटील

अजून एक, तीन बॅगा पाच जणांत म्हणजे एका बॅगेत एकाचंच सगळं असं भरू नका. प्रत्येकाचे दोन कपडे दुसऱ्याच्या बॅगेत टाका आणि एक जोडी केबिनच्या सॅकमध्ये. दुबईला विमान बदलताना एखादी बॅग मागे राहिली तरी ती दुसऱ्या दिवशी येते बहुतेक, पण तोवर काकूंना नेसायला साडी पाहिजे, ती इथल्या मिग्रोस सुपरमार्केटमध्ये मिळत नाही.